उजवीकडची जागा

"आता ती बाभळ आंगावर घ्या, म्हंजे झालं समाधान," मुबारकबी पुटपुटली. "डाव्या अंगाला एवढा रस्ता मोकळा पडलाय, पर न्हाई. आपल्याला बाभळीच्याच गळ्यात पडायचंय."

पीरमहंमदनं चाक जरासं डावीकडं घेतलं. बाभळीची फांदी गाडीच्या ताडपत्रीला करकरत घासून मागं गेली.

"आन म्होरं ओघळानं वाट खाल्लीया. पळवा, पळवा अजून. माझी दोन-चार हाडं धड हायत, त्यांचा बी निकाल लावा."

गियर पडला. गाडी ओघळात हळूच उतरली, कण्हली आणि वर चढली. मागं हौद्यात चारशे विटा एकमेकींना खेटून होत्या आणि विटांवर धाकटा दीर दाऊद पाय सोडून बसला होता. केबिनच्या मागच्या खिडकीची काच लष्करातच फुटली होती. त्यामुळं भाभीचा शब्द न् शब्द त्याला ऐकू येई. तो तोंड फिरवून मागं पडणारा धुरळा बघत राही.

लढाई संपली तेव्हा नगरला लष्करानं जुन्या गाड्यांचा लिलाव केला होता. त्यात पीरमहंमदनं ही गाडी घेतली. ट्रकएवढी मोठी नाही आणि मोटारीएवढी लहान नाही, पुढं दोघांची बसायची जागा, मागं आखूड हौदा. अमेरिकेत बनलेली, म्हणून तिचं चाक डाव्या हाताला. शेवगावच्या बाजारात पहिल्यांदा मुबारकबी पुढं बसलेली दिसली तेव्हा लोक थबकले होते. पीरमहंमदनं आपणहून सांगितलं होतं, "गाडी डाव्या हाताची हाय ना. उजवीकडचं कुनीतरी बगाया लागतं."

"मग दाऊद हाय की."

"दाऊद माल धरून बसतो."

लोकांना हे पटलं. न पटून करतात काय? गाडी त्यांनी कुठं चालवली होती?

खरं असं होतं, की पीरमहंमदचा डावा डोळा मिसरच्या वाळूत लष्कराची गाडी चालवतानाच गेला होता. उजवा गेल्या दिवाळीपासून त्याच्या मागं निघाला होता. समोरचं सगळं त्याला ताकातून बघावं तसं दिसे. माणूस आणि खांब यांत फरक एवढाच, की माणूस हलतो. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि तिनंही विचारलं नव्हतं.

एकदा दाऊद पुढं बसला असताना म्हणाला होता, "भाईजान, म्होरं दगड हाय." पीरमहंमदनं गाडी थांबवली, त्याला खाली उतरवलं आणि भर उन्हात दोन मैल चालत यायला लावलं. "मला गाडी शिकवतो! मी टोब्रुकला गाडी चालवली तवा तुला नाडी बांधता येत न्हवती."

त्यानंतर मुबारकबी पुढं बसायला लागली. ती काही सांगत नव्हती. ती कटकट करत होती. पुरुषाला रस्ता सांगणं म्हणजे त्याचा अपमान. बायकोची कटकट तर जगातला प्रत्येक नवरा ऐकतो, त्यात कमीपणा कसला? हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एके दिवशी ओढ्याच्या काठावर जीव मुठीत धरून ती करवादली, आणि चाक वळलं. तेव्हापासून दोघांचं हे असं चाललं होतं. चार भिंतींच्या आत त्याबद्दल एक अक्षर निघत नव्हतं. घरी मुबारकबी तशी अबोल होती.

मळेवाडीला लोकवर्गणीतून शाळा उठत होती. इंग्रज जाणार असं जो तो सांगत होता, पण सिमिटाला परमिट अजून त्यांचंच लागत होतं. म्हणून भिंती चुन्यातच चालल्या होत्या. पाऊस पडायच्या आत त्या वर नेऊन कौलं टाकायची होती. विटा, वाळू, चुना, सगळं ओढायचं काम पीरमहंमदकडं होतं. घरातल्या चुली दोन, खाणारी तोंडं सात, आणि त्यांची भिस्त ह्या आखूड हौद्यावर.

गाडी आली तशी पाट्या घेतलेल्या बाया उठल्या. त्यांत छबूबाई सगळ्यांत फटकळ.

"भाभी, आज रस्ता संपला का शिव्या संपल्या आधी?"

"रस्ता संपला. शिव्या उरल्यात. तुला देऊ का दोन?"

बाया हसल्या. मुबारकबी खाली उतरली आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. आता गाडी उलटी घ्यायची होती. हे सगळ्यांत अवघड, कारण इथं बघणारे फार.

"या. या अजून. माझ्या उरावर या. आता काय भिंतीच्या पोटात शिरता? बास की! एक शब्द ऐकाल तर शपथ!"

गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली.

गोरक्षनाथ गवंडी थापी टेकून बघत होता. "पीरभाई, ही गाडी तुमी चालवताय का भाभी?"

पीरमहंमद खाली उतरला, पटका सारखा केला आणि हसला. "लगीन केल्यावर कुनाची गाडी कोन चालवतो, गोरक्षा?"

सगळे पुन्हा हसले. मुबारकबीही हसली. मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि विटा द्यायला वाकली. हातातून हातात विटा चालल्या. खरबरीत विटांनी बोटांची सालपटं निघत, त्यावर थुंकी लावून बाया पुन्हा हात पुढं करत. अर्ध्या तासात हौदा रिकामा झाला.

"एवढासा हौदा," गोरक्षनाथ कुरकुरला. "पंगतीला बसावं आन चार घासांत वाढप्यानं पान उचलावं, तसं हाय हे. माझी भिंत गुडघ्यावर सरकत न्हाई."

"जास्त भरलं तर गाडीखालचे पाटे उलटे व्हत्यात," दाऊद म्हणाला.

"मग खेपा वाढवा. ढग काय तुमची वाट बगनार हायत?"

दुसऱ्या दिवशी चुना भरायचा होता. बाबाजानची चुन्याची भट्टी शेवगावच्या अलीकडं, चिंचेच्या बनाला लागून. कळीच्या चुन्याचे पांढरे, भाजलेले खडे ढिगानं पडलेले असत. पाण्याचा थेंब लागला की सूं करून फुटत. बाबाजान जातीनं भरून देई. खड्यांना ओल लागू द्यायची नाही, ताडपत्री आधी उन्हात वाळवायची, असा त्याचा कायदा.

आज त्यानं माल भरायच्या आधी पीरमहंमदला चिंचेखाली बसवलं. चहा मागवला. मुबारकबी गाडीतच होती. दहा पावलांवर, पण बाईमाणूस गाडीत बसलं की ते दिसत नाही असं पुरुषांना वाटतं.

"पीरमहंमद, तुज्या जरीनावर आमच्या घरच्यांची नजर हाय. पोरगी गरीब, कामाची. माझ्या पोराला बी पसंत हाय."

पीरमहंमदचा हात मांडीवरून घसरला. गाडीत मुबारकबी खिडकीकडं सरकली. जरीनाला अठरावं संपत आलं होतं.

"पर आमच्या घरात एक बोलनं चाललंय. राग मानू नगं." बाबाजान आवाज खाली आणायचा म्हणून तोंडाशी हात नेऊन आणखी मोठ्यानं बोलला. "मानसं म्हनत्यात, आई भर रस्त्यात नवऱ्याला जनावरासारखी हाकलती. उद्या लेक तेच करनार. माझी बायको तर तुज्या बायकोच्या जिभंची नक्कल करून दावती."

पीरमहंमदनं चहाची बशी खाली ठेवली.

मुबारकबी वाट बघत होती. तिला फार काही नको होतं. 'माझी बायको तशी न्हाई,' एवढं चार शब्दांचं चाललं असतं. कारण सांगायची गरज नव्हती. चिंचेचा पाला बशीत पडला तो बाबाजाननं बोटानं काढला.

"सवय हाय तिला," पीरमहंमद म्हणाला. "पहिल्यापास्नं."

"मग मोड की सवय. लष्करातला गडी तू! शाळंचं काम हुस्तवर तिला घरी ठेव. मानसांची तोंडं बंद व्हतील. मग ईद झाली की साखरपुडा करू."

"उद्यापास्नं न्हाई यायची ती," पीरमहंमद म्हणाला.

त्या दिवशीची खेप मळेवाडीला गेली तेव्हा मुबारकबी बोलत होती, पण नुसतं पुढचं बोलत होती. "खड्डा." "बैल." "डाव्या अंगाला." त्यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता. मागं बसलेल्या दाऊदला ते ऐकवेना. घरी आल्यावर तिनं भाकरी थापल्या, नवऱ्यापुढं ताट ठेवलं, वाटी कुठं आहे ते कळावं म्हणून पितळी तांब्या तिच्याशेजारी वाजवून ठेवला, आणि चुलीपुढं जाऊन बसली.

"पोरीचं भलं व्हतंय," पीरमहंमद ताटाकडं बघत म्हणाला.

"व्हय."

"चार दिसांचा तर सवाल हाय."

"व्हय की. दाऊद बसंल म्होरं."

सकाळी तिनं हँडल मारायला मदत केली, उजवीकडची गादी झटकली आणि बाजूला झाली. दाऊद तिथं बसताना तिच्याकडं बघत नव्हता.

"तुमी यायला पायजे हुतं, भाभी," तो हळूच म्हणाला.

"बोलत राहा," ती तितक्याच हळू म्हणाली. "कायबी बोल. पिकाचं बोल, बैलाचं बोल."

दाऊदनं बोलायचा प्रयत्न केला. भट्टीवरून कळीचा चुना भरून गाडी निघाली तेव्हा तो म्हणाला, "ह्या अंगाला ज्वारीची धाटं कशी पसरून ठिवल्यात बगा, रस्त्यापतूर आल्यात."

"मला दिसत्यात की," पीरमहंमद म्हणाला.

पुढं एक गाय आडवी आली. दाऊदचं तोंड उघडलं, त्याला दोन मैलांचं ऊन आठवलं आणि तोंड मिटलं. गाय आपणहूनच पळाली. ओघळात गाडी दाणकन आदळली. पीरमहंमदनं दातांवर दात धरले. चाकावरच्या त्याच्या बोटांचे सांधे पांढरे झाले होते. पुढं मान काढून तो काचेला नाक लावल्यासारखा बसला होता, आणि तरीही मधूनच ओठ गोल करून शीळ घालत होता. त्याच्या कपाळावरून घाम भुवईत, भुवईतून डोळ्यात उतरत होता. तो पुसत नव्हता. डोळ्याला हात लावणं त्यानं दिवाळीपासून सोडूनच दिलं होतं.

मळेवाडीला चुना विझवायचा खड्डा पाण्यानं भरून तयार होता. त्याच्या काठाला छबूबाई बादल्या ओतत होती. राहीबाई, तिची शेजारीण, मागं फावडं घेऊन उभी होती. नेहमी गाडी खड्ड्यापासून दहा हात अलीकडं लागे, चुना कोरड्या जागी उतरे आणि मग पाटीपाटीनं पाण्यात जाई.

"उतर, माघारी घेतो," पीरमहंमद म्हणाला.

दाऊद मागं जाऊन उभा राहिला. गाडी उलटी यायला लागली. सगळे बघत होते. गोरक्षनाथनं परांचीवर बसूनच विचारलं, "आज भाभी न्हाईत जनू? मजाच गेली."

"येऊ द्या," दाऊद म्हणाला. "येऊ द्या..." गाडी सरळ खड्ड्याकडं येत होती. "भाईजान, बास." ते त्याच्या घशातच राहिलं. मग तो ओरडला, पण तेवढ्यात मागचं चाक काठाची ओली माती घेऊन खाली गेलं होतं.

हौद्याचा मागचा फाळका उघडाच होता. अर्धा चुना एकदम पाण्यात गेला. आधी नुसता बुडबुड आवाज आला. मग खड्डा उकळला. पांढरी वाफ उठली, भाजलेला चुना हंडीतल्या दुधासारखा उतू येऊन काठावर फुटला. छबूबाईची किंकाळी ऐकू आली. राहीबाईनं तिला बगलेत धरून मागं ओढलं नसतं तर ती आतच गेली असती. गुडघ्याखाली दोन्ही पाय पांढरे झाले होते. त्यावरचं लुगडं सोडवताना कातडं बरोबर आलं.

पीरमहंमद गाडीतून उतरला. वाफेत उभा राहून विचारत होता, "कोन हाय? कोन हाय? काय झालं?"

बाया छबूबाईकडं धावल्या. मग गोरक्षनाथ म्हणाला, "ब्रेक गेला आसंल."

"व्हय," पीरमहंमद म्हणाला. "ब्रेक."

दाऊद दुपारी पायीच घरी आला. अंगभर चुना, नुसते डोळे काळे. मुबारकबीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि भट्टीवर गेली. चुन्याच्या रांजणातलं वरचं निवळलेलं पाणी बाटलीत भरून घेतलं. घरून अळशीचं तेल घेतलं, आणि चार मैल चालत मळेवाडीला. दोन्ही एकत्र घोटून तिनं छबूबाईच्या पायांना कापसानं लावलं. छबूबाई गोधडीचं टोक चावत होती.

"चुन्यानंच भाजलं, आन चुन्याचंच औशीद," ती म्हणाली.

"हालू नगंस."

"तुमी का न्हाई आल्या आज?"

"घरी काम हुतं."

छबूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मुबारकबीनं कापूस पुन्हा तेलात बुडवला.

"तुमी असत्या तर वरडल्या असत्या," छबूबाई म्हणाली.

"वरडले असते."

छबूबाईनं हात लांब करून तिच्या खांद्यावरचा चुना झटकला, एवढंच.

शाळेच्या कामाचा कारभार श्रीमंत तात्यांकडं होता. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना कामावरच बोलावलं. बैलजोड्या लावून गाडी खड्ड्याबाहेर काढली होती. मागचा पाटा तुटला होता आणि हौद्याला चुन्याची खपली धरली होती. चुना वाया गेला म्हणून बाबाजानही आला होता. छबूबाईला तिच्या भावानं पाठीवर आणून विटांच्या थप्पीवर बसवलं होतं. पायांना फडकी गुंडाळलेली. समोरच्या बाजूला, निंबाच्या सावलीत, राहीबाई आणि बाकीच्या बाया. मुबारकबी त्यांच्याही मागं उभी होती. आज तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"बाईचा जीव वाचला हे नशीब," तात्या म्हणाले. "पर गाडी खड्ड्यात गेली कशी? ब्रेक म्हनत्यात. मिस्त्रीला दावला, ब्रेक धड हाय."

गोरक्षनाथ थापीला चिकटलेला वाळका चुना नखानं काढत होता.

"मागं बगायला कोन हुतं?"

"मी हुतो," दाऊद म्हणाला. "माझी चूक. मी येळंवर वरडलो न्हाई."

"खरं का, पीरभाई?"

पीरमहंमद पटका काढून हातात धरून उभा होता. त्यानं दाऊदच्या बाजूला तोंड केलं. दाऊद मान खाली घालून होता, पण ते त्याला दिसत नव्हतं. मुबारकबीला ते दिसत होतं. तिला वाटलं, आता म्हणतील. आता तरी.

"दाऊदच चुकला," पीरमहंमद म्हणाला.

दाऊदनं मान हलवली. जणू बरंच झालं. मुबारकबीनं निंबाचं खोड धरलं.

"भावाला कामावरनं काढा," बाबाजान म्हणाला. "एवढं वरडता येत न्हाई व्हय रं तुला? तुज्या भाभीला तर दिसभर येतंय!" कुणीतरी हसल्यासारखं केलं आणि खोकलं.

"काढा न काढा, ते तुमचं घरचं," तात्या म्हणाले. "पर बाईची माफी मागायला पायजे. दीड-दोन म्हैने ती उठत न्हाई."

दाऊद पुढं निघाला. पीरमहंमदनं पावलांच्या आवाजावरून हात आडवा धरून त्याला थांबवलं.

"मी थोरला हाय. घराची माफी मी मागतो."

तो ताठ चालत निघाला, लष्करात चालतात तसा. विटांची थप्पी त्याच्या डाव्या हाताला राहिली. तो निंबाकडं चालला होता. सावलीत लुगडी दिसत होती, हलत होती. तो राहीबाईपुढं जाऊन थांबला, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकला.

"माझ्या घरानं तुजे पाय भाजले, भनी. माझ्या धाकट्या भनीसारखी तू. मोठ्या मनानं माफ कर."

राहीबाई गडबडून उभी राहिली. तिचे पाय धड होते, जोडव्यांसकट, मातीत घट्ट रोवलेले. ती तोंडात पदर घालून इकडं तिकडं बघायला लागली. मुबारकबीचे ओठ हलले. तिला कटकट सुचेना. तात्यांनी नजर फिरवून भिंतीकडं पाहिलं. सगळं काम, चुना मळणाऱ्या घाणीचा बैलसुद्धा, थांबल्यासारखं झालं.

पीरमहंमद वाकलेलाच होता, उत्तराची वाट बघत.

"केलं, दादा," छबूबाई म्हणाली. "माफ केलं. जावा आता, बसा."

आवाज त्याच्या पाठीमागून आला. पार पलीकडून, विटांच्या थप्पीवरून.

तो सावकाश सरळ झाला. जोडलेले हात त्याला सोडताही येईनात. ते तसेच छातीशी राहिले.

"ऊन लई हाय आज," गोरक्षनाथ घाईनं म्हणाला. "चुन्यावर पडलं की डोळं दिपत्यात मानसाचं. माजं बी व्हतं आसं."

"व्हय, व्हय, दिपत्यात," बाया म्हणाल्या. "सावलीत आलं की अंधारी येती."

"ऊन न्हाई, गोरक्षा." पीरमहंमद ज्या बाजूला वळला होता तिकडं कुणीच नव्हतं. "दाऊद वरडला हुता. त्याची चूक न्हाई. आन बाबाजान, कुठं असशील तिथं ऐक. माझी बायको तशी न्हाई. शेवगावच्या रस्त्यावरचा एकूनएक दगड तिनं मला सांगितलाय, आन वर लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. मी खाऊ दिल्या."

त्यानं हात खाली घेतले.

"मला दिसत न्हाई," तो म्हणाला.